पेशंटसोबत कोण आहे?

सरकारी दवाखान्यात पेशंट एकटा भरती होत नाही. त्याच्याबरोबर आणखी एक माणूस भरती होतो, फक्त त्याला खाट मिळत नाही. रक्ताची नळी प्रयोगशाळेत पोचवायची, रिपोर्ट आणायचा, एक्स-रेच्या रांगेत उभं राहायचं, स्ट्रेचरला मागून हात लावायचा, सलाईन संपत आली की सिस्टरला हाक मारायची, आत नसलेलं औषध बाहेरच्या मेडिकलमधून आणायचं. ही कामं कागदावर कोणाच्याच नावावर नाहीत, म्हणून ती सोबतच्या माणसाची. दिवसभरात कितीदा तरी वॉर्डाच्या दारातून आवाज येतो, "पेशंटसोबत कोण आहे?"

मी गावची आशा सेविका आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या ओळखीचा. गावातल्या बायांना बाळंतपणाला घेऊन जायचं, नोंदणी करून द्यायची, तिच्या सासूला गप्प बसवायचं आणि दारातून विचारणा झाली की म्हणायचं, "मी आहे जी, आशा." तेवढ्यानं काम भागतं. सिस्टर ओळखतात, कधी चहा विचारतात, कधी खेकसतातही, पण ते आपल्या माणसावर खेकसल्यासारखं. तीच मी माझ्या पोराबरोबर गेले आणि "मी त्याची आई" म्हटलं की ऐकायला मिळतं, "बाई, जरा बाहेर थांबा." साडी तीच, बाई तीच, विचारते तेही तेच. आशा सांगते ती माहिती असते आणि आई सांगते ती घाबरगुंडी, असा काहीतरी अलिखित नियम असावा.

पोराला सिकलसेल आहे, आई-बाप दोघांकडून दोष आला की होणारा रक्ताचा आजार. आमच्याकडे म्हणतात तसं, 'एसएस पॅटर्न'. मी आणि त्याचे बाबा दोघंही 'एएस', म्हणजे वाहक, दोष एकाच बाजूनं आलेले. आम्हाला कधी काही झालं नाही. आमची सोयरीक जुळली तेव्हा घर पाहिलं, धानाच्या बांध्या पाहिल्या, आजोळ कोणतं ते पाहिलं. रक्त कोण पाहतं? आता मीच कॉलेजातल्या पोरापोरींना सांगत फिरते की लग्नाआधी तपासून घ्या, दोघंही वाहक असले तर होणाऱ्या प्रत्येक लेकराला हा आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. त्यावर हमखास एक मावशी म्हणते, "म्हणजे एक झालं बिमार, आता पुढचे तीन चांगले." तसं नसतं. पुढच्या लेकराच्या वेळी हिशोब पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. हे समजावून सांगताना माझा घसा बसतो, कारण बोलता बोलता डोळ्यासमोर घरचंच येतं.

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर या पट्ट्यात हा आजार एवढा का, याचं एक कारण मलेरियात आहे. ज्याच्या रक्तात हा दोष एकाच बाजूनं आलेला असतो, त्याचा मेंदूपर्यंत जाणाऱ्या फॅल्सिपॅरम मलेरियापासून बराच बचाव होतो. जंगलाच्या कडेला आणि साचलेल्या पाण्याजवळ पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या लोकांत हा दोष टिकला तो म्हणून. आजे-पणजे वाचले, त्याची उधारी ही पोरं फेडतात. निरोगी लालपेशी साधारण 120 दिवस जगते, यांची 10 ते 20 दिवस. शरीरात ऑक्सिजन जरा कमी पडला की पेशी वाकते, ताठ होते आणि बारीक नसेत अडकते. तिथून पुढं रक्त जात नाही, आणि मग दुखतं. थंडी, ताप, पाणी कमी पिणं, क्रिकेटचा एक जास्तीचा डाव, कोणतंही निमित्त पुरतं.

हे दुखणं बाहेरून दिसत नाही, हीच यातली मोठी अडचण. जखम नाही, सूज असली तर असली, एक्स-रे साफ. लहान असताना पोरगं रडायचं, तेव्हा निदान लोकांचा विश्वास बसायचा. सोळा वर्षांचा पोरगा रडत नाही. तो भिंतीकडे तोंड करून पडतो आणि मोबाईलमध्ये डोकं घालतो. मागच्या हिवाळ्यात तालुक्याच्या दवाखान्यात असाच पडला होता. डावी मांडी दोन्ही हातांनी आवळून धरलेली, मोबाईल उशीला टेकवून ठेवलेला, त्यात कुठलीतरी जुनी मॅच चालू. स्क्रीनवर चौकार गेला तरी डोळे हलत नव्हते. पायाची बोटं मात्र एकदा आत वळत होती, एकदा बाहेर. सिस्टर आल्या, पाहिलं आणि म्हणाल्या, "मोबाईल पाहून राह्यला ना, मंग एवढं नसन दुखत."

मी म्हटलं, "मॅडम, त्याच्या पायाकडं पाहा."

त्यांनी पाहिलं. एवढंच करायचं असतं बरेचदा, समोरच्याला कुठं पाहायचं ते सांगायचं. सिस्टर वाईट नव्हत्या. एका पाळीत पूर्ण वॉर्ड त्यांच्या अंगावर होता आणि ओरडणारे पेशंट दुसरेच होते. वॉर्डात जो ओरडतो त्याच्याकडे आधी जातात. लहानपणापासून दुखणं सोसलेली पोरं ओरडायचं विसरतात, आणि मग त्यांच्या वाट्याचं ओरडणं दुसऱ्या कोणाला तरी करावं लागतं.

एक ते दहामधला आकडा सांग, असं आता मोठ्या दवाखान्यात विचारतात. किती दुखतं? पोरानं एकदा मला त्याचं गणित सांगितलं. "पाच म्हटलं तर गोळी देते. दहा म्हटलं तर नाटक करून राह्यला म्हणते. म्हणून मी आठ सांगतो." "आणि खरं किती असते?" तर म्हणे, "खरं कोण विचारते?"

सिकलसेलचं दुखणं घेऊन पेशंट आला तर अर्ध्या तासात त्याला दुखणं थांबवणारं औषध मिळालं पाहिजे, असं ब्रिटनच्या 2012 च्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलं आहे. आमच्याकडे अर्ध्या तासात केस पेपर निघाला तरी नशीब. त्यात मोठ्या दुखण्याला लागणारं मॉर्फिन गावाकडच्या दवाखान्यात दिसत नाही. 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्यानं त्याला एवढी कुलपं लावली की औषध म्हणूनही ते मिळेनासं झालं. 2014 मध्ये कायदा बदलून उपचारासाठीची वाट सोपी केली, पण कायदा बदलला म्हणून तालुक्याच्या कपाटात बाटली येत नाही. आणि जिथं आहे तिथं भीती, की पोराला सवय लागेल. ही भीती मला कळते. पण रात्री दोन वाजता दात-ओठ खाणाऱ्या पोरासमोर पुढच्या दहा वर्षांच्या सवयीची चर्चा करणं मला जमत नाही.

त्याच भरतीत, दुसऱ्या रात्री, ताप चढला. शेतावर धान कापून पडलेलं, अंगणात शेकोट्या, थंडी अशी की दवाखान्याची फरशी चपलेतूनही बोचावी. पहाटेच्या सुमारास तो म्हणाला, "आई, छातीत टोचून राह्यलं." मी त्याच्या छातीवर हात ठेवला आणि मोबाईलवर मिनिट लावून श्वास मोजले. 38 भरले. या वयाला 20 च्या वर जायला नको.

श्वास मोजायचं मी नवजात बाळांसाठी शिकले आहे. बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन, ताप आणि मिनिटभराचे श्वास पाहायचे, हे आशाचं काम. हे काम मुळात आमच्याच भागातून निघालं. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीच्या 39 गावांत गावातल्याच बायांना शिकवून ते करून पाहिलं, 1999 मध्ये 'लॅन्सेट' या डॉक्टरी नियतकालिकात ते छापून आलं, आणि 2011 पासून देशभरच्या आशांच्या हाती आलं. प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं होतं, पूर्ण मिनिट मोजा, अर्धं मोजून दुप्पट करू नका. मी पूर्ण मिनिट मोजलं. मग पुन्हा एकदा मोजलं, कारण पहिल्यांदा माझाच श्वास वर होता.

रात्रपाळीचा डॉक्टर सरकारी बॉन्डची सेवा द्यायला आलेला, माझ्या भाच्याच्या वयाचा. झोपेतून उठून आला, छातीला स्टेथोस्कोप लावला, म्हणाला, "मावशी, निमोनिया वाटतो. अँटिबायोटिक चालू करतो, सकाळी सर येतील." सलाईन धो-धो चालू होती. आता इथं काय बोलायचं? सिकलसेलच्या पोराला ताप, छातीत दुखणं आणि वाढलेले श्वास एकत्र आले तर तो साधा निमोनिया धरून चालत नाही. फुप्फुसाच्याच नसा तुंबत असू शकतात. त्याला अक्यूट चेस्ट सिंड्रोम म्हणतात आणि या आजारात माणसं दगावतात त्यातलं ते एक मोठं कारण. तेव्हा सलाईनही मोजून द्यावी लागते, नाहीतर पाणी फुप्फुसात साचतं. हे मला माहीत होतं. पण गावच्या आशानं डॉक्टरला रात्री तीन वाजता हे शिकवायचं म्हणजे भांडणच, आणि भांडणात पोराचा वेळ जातो.

इतक्या वर्षांत बायांच्या बाळंतपणात मी एक गोष्ट पाहून ठेवली आहे. डॉक्टरला 'तुमचं चुकतं' म्हटलं की तो वकील होतो. 'हे लिहून घ्याल का' म्हटलं की तो पुन्हा डॉक्टर होतो. मी पोराचं सिकलसेलचं लाल कार्ड पुढं केलं आणि म्हटलं, "सर, हा एसएस आहे. श्वास 38 आहेत, मी मोजले. बोटाचं मशीन लावून ऑक्सिजन पाहता का, आणि जो आकडा येईल तो केस पेपरवर लिहिता का?" मशीन शोधायला वेळ लागला, सेल नव्हते, दुसऱ्या वॉर्डातून आणलं. 88 आलं. डॉक्टरनं ते लिहिलं. स्वतःच्या हातानं लिहिलेलं 88 पाहिलं की माणूस सकाळची वाट पाहत नाही. त्यानं ऑक्सिजन लावला, सलाईनचं चाक आवळलं, वरच्या डॉक्टरांना फोन केला आणि रेफरची चिठ्ठी लिहिली. लिहिता लिहिता म्हणाला, "एक विचारू? तुम्ही नर्स आहात का?"

"आशा आहे जी."

"मग आधी सांगायचं ना," तो म्हणाला. काय सांगणार! आई असणं पुरलं असतं तर आधीच पुरलं असतं.

108 यायला वेळ लागला, आली ती ऑक्सिजनसह आली. पोराचे बाबा शेतावरून थेट दवाखान्यात, पायाला माती तशीच. ते माणूस म्हणून सोन्यासारखे, पण डॉक्टरसमोर त्यांच्या तोंडून दोनच शब्द निघतात, 'हाव जी'. डॉक्टर म्हणाले पाय कापावा लागेल, तरी हाव जी. त्यामुळे शहरातल्या मोठ्या रुग्णालयात पोचलो तेव्हा खरा पेच पुढं आला. लहान मुलांच्या वॉर्डात त्याला घेईनात, वय जास्त. पुरुषांच्या वॉर्डात पाठवलं. पुरुषांच्या वॉर्डात रात्री बाई थांबू देत नाहीत. नियम बरोबर आहे, बाकीच्या पेशंटांनाही संकोच असतो. पण ज्याला सगळं ठाऊक ती बाहेरच्या ओसरीत चटईवर, आणि आत 'हाव जी'.

तेव्हा मी तो कागद लिहिला. लांब वहीचं एक पान. वर नाव, वय, वजन, रक्तगट. खाली: एसएस. बरा असताना हिमोग्लोबिन 8 च्या आसपास. आधी रक्त कधी कधी दिलं. सिकलसेलची गोळी, हायड्रॉक्सीयुरिया, किती मिलिग्रॅमची, कधीपासून. कोणत्या इंजेक्शननं अंगावर पुरळ येतं. कोणत्या औषधानं दुखणं उतरतं आणि कोणत्यानं नुसती उलटी होते. सगळ्यात खाली, मोठ्या अक्षरात: 'हा शांत पडला असला तरी विचारा.' तो कागद मी फाईलच्या पहिल्या पानावर चिकटपट्टीनं लावून घेतला. मोठ्या दवाखान्यात सकाळचा डॉक्टर वेगळा, रात्रीचा वेगळा, राउंडचा तिसराच, आणि दर वेळी कहाणी पहिल्यापासून. माणूस थकला की कहाणीतलं काहीतरी गळतं. कागदातलं गळत नाही.

बरा असतानाच्या हिमोग्लोबिनची ती ओळ सगळ्यात कामी आली. या पोरांचं हिमोग्लोबिन नेहमीच कमी असतं, शरीराला त्याची सवय असते. कोणी नुसतं 8 पाहून रक्त चढवायला धावतं. भराभर चढवून 10 च्या वर नेलं तर रक्त घट्ट होऊन उलटं नुकसान. आणि कोणी म्हणतं, सिकलसेल आहे, कमीच असणार, थांबू. त्या दिवशी त्याचं 5.9 आलं. निवासी डॉक्टर मुलगी होती, तिनं कागदावरचं 8 पाहिलं, रिपोर्टमधलं 5.9 पाहिलं आणि तिथंच रक्ताची चिठ्ठी लिहून दिली.

रक्तपेढीच्या खिडकीवर नेहमीचं उत्तर, बदली रक्तदाता आणा. सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाच्या पेशंटला रक्त मोफत आणि बदली न मागता द्यायचं असतं. खिडकीतल्या माणसाला ते माहीत नसेल, किंवा साठा कमी असेल. त्याच्याशी मी वाद घातला नाही. प्रत्येक मोठ्या सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक नावाचे लोक असतात. त्यांच्याकडे कोणी जात नाही, कारण ते आहेत हे कोणाला ठाऊक नसतं. मी त्यांच्या टेबलासमोर जाऊन बसले. एका फोनमध्ये काम झालं. परत येताना वाटेत एक भंडाऱ्याकडचे काका भेटले, त्यांच्या नातीला हाच आजार. त्यांचे तीन जावई गावाहून गाडी करून रक्त द्यायला निघाले होते. त्यांनाही त्या टेबलापर्यंत सोडून आले.

2023 च्या जुलैत राष्ट्रीय सिकलसेल उन्मूलन अभियान सुरू झालं. 2047 पर्यंत आजार हटवायचा आहे. आमच्या कामात तपासण्या वाढल्या, मी स्वतः शाळेत पोरांना रांगेत उभं केलं. बोटातल्या रक्ताचा थेंब नळीतल्या तपासणीच्या द्रावणात टाकायचा, नळीमागं काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर सुटलं, गढूळ होऊन झाकल्या तर पुढची तपासणी. रोज संध्याकाळी आकडा वर पाठवायचा. चांगलं काम आहे, आमच्या वेळी असतं तर कितीतरी घरं वेगळी झाली असती. पण जी पोरं आधीच आहेत, त्यांना रात्री दोन वाजता किती वेळात इंजेक्शन मिळालं, हा रकाना त्या फॉर्ममध्ये नाही. असता तर तालुक्यातल्या मशीनमध्ये सेल असते.

रक्त चढल्यावर दोन-तीन दिवसांत ऑक्सिजन निघाला आणि पोराला भूक लागली, म्हणजे चिडचिड करायची ताकद आली. दिवसा मला वॉर्डात जाऊ देत. राउंडला डॉक्टर त्याच्याकडे पाहून विचारत, "कसं वाटतं?" आणि मी सांगायला लागे, रात्री दोनदा दुखलं, पाणी कमी प्याला, लघवी गर्द आहे. एका सकाळी तो सगळ्यांसमोर म्हणाला, "आई, त्यानं मले विचारलं." शेजारच्या खाटेवरचे आजोबा फिस्सकन हसले. निवासी डॉक्टर मुलगी हसली नाही. तिनं मला सांगितलं, "ताई, तुम्ही पाच मिनिटं बाहेर बसा. मला याच्याशी बोलायचं आहे."

पाच मिनिटांची वीस झाली. मी दाराबाहेर बसून तर्क करत राहिले. आशा म्हणून विचार केला तर मला कळत होतं. या आजारात वयात आलेल्या मुलग्यांना लघवीच्या जागी एक दुखरा त्रास होऊ शकतो, काही तासांत उतरला नाही तर दवाखाना गाठावा लागतो, आणि कोणताही पोरगा ते आईला सांगत नाही. हायड्रॉक्सीयुरिया घेताना पुढं मूलबाळ होण्याविषयीचे प्रश्न असतात, तेही आईसमोर निघत नाहीत. वर्गातल्या पोरांपेक्षा आपण बारके का, मिशी का फुटत नाही, गोळ्या किती वर्षं खायच्या, मधे सोडल्या तर काय, हे सगळं त्या वीस मिनिटांत झालं असेल किंवा यातलं काहीच झालं नसेल. आई म्हणून मात्र एकच सुचत होतं, की आत माझ्याशिवाय काय बोलत असतील. तेवढ्यात एक बाई चिठ्ठी घेऊन आली, "बाई, वाचता येते का तुले? हे कुठी मिळते?" मी तिला सोनोग्राफीच्या खिडकीपर्यंत नेऊन सोडलं. बरं वाटलं.

परत आले तर बोलणं संपलेलं. काय विचारलं म्हणून मी विचारलं, तर म्हणे, "जे विचारायचं होतं ते." बाहेर वऱ्हांड्यात डॉक्टर मुलीनं मला तीन गोष्टी सांगितल्या: लसीची तारीख, डोळ्यांची तपासणी, आणि पुढच्या वेळी ओपीडीत फाईल त्याच्या हातात द्या. तिसरी मला नाही आवडली. अजून आवडत नाही. सोळाव्या वर्षी पोरगं पाण्याची बाटली शाळेत विसरून येतं, तो औषधाच्या तारखा काय सांभाळणार! पण अठरा झाल्यावर त्याच्या सहीनंच सगळं होणार, आणि तो नागपूरला शिकायला गेला तर रात्री तीन वाजता त्याच्या छातीवर हात ठेवायला मी नसणार. 2016 च्या दिव्यांग कायद्यातल्या 21 प्रकारांत सिकलसेल आहे. बारावीच्या पेपरला जादा वेळ त्यातूनच मिळतो. प्रमाणपत्राचा विषय काढला की तो उठून जातो. "मले काय झालं? मी चालतो, पळतो." हे भांडण आमच्या घरी चालू आहे आणि त्यात त्याचे बाबा दोघांनाही 'हाव' म्हणतात.

परवा ओपीडीला गेलो. फाईल त्यानं धरली, नंबर त्यानं लावला, मी बाकावर. आत गेला, बाहेर आला, रिपोर्ट ठीक आहेत म्हणाला. घरी आल्यावर मी फाईल उघडली. माझा चिकटपट्टीचा कागद काढून टाकलेला, त्याजागी त्याच्या अक्षरातला नवा. वजन वाढवलेलं, गोळीचा डोस बदललेला, दोन औषधं जास्तीची लिहिलेली, त्यातल्या एकाबद्दल मला काहीच माहीत नाही. 'हा शांत पडला असला तरी विचारा' ही ओळ नाही. त्याजागी लिहिलं आहे, 'मी आठ म्हटलं तर आठ.' संपर्कात पहिला नंबर त्याचा स्वतःचा, माझा दुसरा. त्या पहिल्या नंबराचा रिचार्ज अजून मीच मारते, हे मात्र त्यानं कुठं लिहिलेलं नाही.